कागदात गुंडाळू नका

आठवडी बाजाराचा दिवस, दुपारचे बारा, मेडिकलमध्ये सात-आठ गिऱ्हाइकं दाटीवाटीनं उभी... आणि त्या माणसानं काउंटरवर दोन्ही तळहात टेकून, मेथीची जुडी मागावी इतक्या सहज सांगितलं, "सिल्डेनाफिल. पन्नासची. सहा पाकिटं द्या."

दुकान एकदम गप्प झालं. ती पुरुषांची गोळी, व्हायग्राच, हे एका म्हातारीला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. म्हातारीनं शेजारच्याला विचारलंसुद्धा, "कशावरची वो ती?" शेजारचा पंख्याकडं बघायला लागला.

शिवलीलाचे कान तापले. लाजेनं नव्हे, रागानं. सत्तावीस वर्षांची, बी. फार्म. झालेली ही मुलगी दोन वर्षांपासून मुरुमच्या या दुकानात वडिलांच्या, म्हणजे वीरप्पांच्या, जागी उभी राहत होती. या दोन वर्षांत एकाही पुरुषानं तिच्या तोंडावर या गोळीचं नाव घेतलं नव्हतं. ते खोकल्याच्या गोळ्या मागायचे आणि वीरप्पा जेवून बाहेर येईपर्यंत घुटमळायचे. एकजण तर दिवाळीपासून खोकल्याच्या गोळ्या नेत होता आणि अजून एकदाही खोकला नव्हता. मग वीरप्पा यायचे, पाकिटातल्या दोन गोळ्या कात्रीनं कापायचे, वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळायचे आणि मान खाली घालून द्यायचे. घेणाऱ्याचं काळीज कसं आहे, बीपी किती, दुसरी कुठली औषधं चालू आहेत — विचारायचं नाव नाही. तिनं भांडून भांडून ते बंद पाडलं होतं. आणि आज हा उभा राहून सहा पाकिटं मागत होता.

"डॉक्टरची चिठ्ठी?"

"न्हाय."

"मग गोळी नाही."

"बरं," तो म्हणाला, पण हलला नाही. उंच, सावळा, बोटांच्या पेरांत वॉर्निशचा पिवळा रंग बसलेला. "माझी न्हायत ओ ती. सहा जणांची हायत."

"सगळे असंच म्हणतात."

"म्हणत असतील. पण एका माणसाला सहा पाकिटं लागली तर तो इथवर चालत येईल का?"

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. शिवलीलाला हसू आलं नाही; आलं असतं तरी तिनं ते दिसू दिलं नसतं. तिनं बिलाच्या कागदाच्या पाठीवर खसाखसा लिहिलं आणि कागद त्याच्यापुढं सरकवला. छातीत दुखतं का. जिना चढताना दम लागतो का. साखर आहे का. बीपीची कुठली गोळी चालू आहे. आणि शेवटी, दोनदा अधोरेखित केलेलं: जिभेखाली ठेवायची गोळी बाळगतात का.

"हे सहाही जणांना विचारून या. मग त्यांना डॉक्टरकडं पाठवा. मग चिठ्ठ्या आणा."

त्यानं कागद नीट वाचला. "नावं लिहायची?"

"नावं नकोत मला."

"झ्याक," तो म्हणाला. "नावं म्या दिलीबी नसती."

तो गेला आणि शिवलीलाच्या लक्षात आलं, की दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्या गोळीचं नाव तिच्या डोळ्यांत बघून घेतलं होतं. त्याचाही तिला रागच आला. का आला, ते तिला विचारू नका.

*

त्याचं नाव अमरनाथ. सास्तूरला त्याचं मोटारी भरायचं दुकान होतं. विहिरीतल्या, बोअरमधल्या जळक्या मोटारींची जुनी तार काढून नवी भरायची, हे त्याचं काम. गावात कुणाच्या विहिरीला किती पाणी आणि कुणाच्या घरात किती धुसफूस, हे मोटार भरणाऱ्याला सगळ्यात आधी कळतं, कारण मोटार उघडून होईपर्यंत माणूस समोर बसून राहतो आणि बसलेला माणूस बोलतो. बोलता बोलता एकानं सांगितलं, मग दुसऱ्यानं. जवळच्या मेडिकलमध्ये जायची सोय नव्हती, तिथले सगळे सोयरे. म्हणून तारेसाठी मुरुमला येणाऱ्या अमरनाथच्या गळ्यात हे काम पडलं.

पुढच्या बाजाराला तो आला, तेव्हा कागद भरलेला होता.

"हे काय लिहिलंय?"

"नावं नको म्हणालात ना. मोटारी लिहिल्यात. प्रत्येकाची विहिरीवरची मोटार." त्यानं बोट ठेवलं. "तीन एचपी — साखर हाय, बाकी ठीक. साडेसात एचपी — काय न्हाय, नुसती भीती. नवीन लगीन झालंय, दोस्तांनी घाबरवलंय. दहा एचपी — रोज पितो."

"दारू?"

"दूध कशाला सांगीन तुमाला?"

आता मात्र ओठ दाबूनही हसू निसटलं. तिनं चटकन कपाटाकडं तोंड फिरवलं, पण कपाटाला काच होती आणि काचेत तो बघत होता.

"दहा एचपीला सांगा, दारूवर ही गोळी घेतली तर चक्कर येऊन पडेल. तीन एचपीला म्हणावं, आधी साखर आटोक्यात आण. कित्येकदा हा त्रास म्हणजे साखरेची, नाहीतर काळजाच्या दुखण्याची पहिली सूचना असते. डॉक्टरला ती कळायला हवी, अन् हे बसलेत लपवत. आणि साडेसातला गोळीची गरजच नाही. त्याच्या दोस्तांना माझ्याकडं पाठवा."

"मारायला?"

"व्हय," ती म्हणाली, त्याच्याच बोलीत.

"एक इचारू?" अमरनाथनं आवाज जरा खाली आणला, लाजून नव्हे, खरंच जाणून घ्यायचं असलं की तो तसाच बोलायचा. "ही चालती कशी? स्टार्टरसारखी? बटन दाबलं की चालू?"

"तीच तर सगळ्यांची चूक." शिवलीला पुढं झुकली. शिकलेलं कुणी विचारलं, की तिचा राग कुठच्या कुठं पळायचा. "स्टार्टर नाहीच ती. मनात ओढ निर्माण झाली की शरीर आपणहून एक निरोप धाडतं, तिथल्या रक्तवाहिन्यांना, सैल व्हा म्हणून. त्या सैल झाल्या की रक्त भरतं. मग शरीरातलाच एक पदार्थ तो निरोप पुसून टाकतो. काहींचा निरोप कच्चा असतो, काहींचा लवकर पुसला जातो. गोळी एवढंच करते, त्या पुसणाऱ्याचा हात धरून ठेवते."

"आन निरोपच गेला नसंल तर?"

"तर गोळी काय करणार? पोटात जाईल, डोकं दुखवेल, तोंड लाल करेल, दुसऱ्या दिवशी निघून जाईल. मनात कुणी नसेल तर ती काहीच करत नाही."

त्यानं मान डोलावली. मग म्हणाला, "लई शहाणी गोळी हाय की."

"माणसांपेक्षा," शिवलीला म्हणाली.

त्या दिवशी जाताना त्यानं खिशातून तांब्याच्या तारेचा तुकडा काढला, दोन बोटांत फिरवत एक वेटोळं केलं, खाली वाकवून पाय केला आणि काउंटरवर ठेवला. "चिठ्ठ्या अडकवायला. उडत्यात तुमच्या." तार अजून त्याच्या हाताची ऊब धरून होती. ती तिनं हात लावून बघितली, तो गेल्यावर.

*

असे पाच-सहा बाजार गेले. तीन एचपी डॉक्टरकडं जाऊन आला. त्याची चिठ्ठी तारेत अडकली. दहा एचपीनं दारू सोडली नाही, म्हणून त्याला गोळी मिळाली नाही. बाकी कुणाला गुण उशिरा आला, की शिवलीला विचारायची, जेवण भरपूर करून घेतली असेल त्यानं, म्हणून उशीर लागला असेल. दिवसात एकच सांगितलीय ना. चार तासांत उतरलं नाही तर लाजत घरी बसायचं नाही, दवाखाना गाठायचा, हे सांगितलंत ना? अमरनाथ प्रत्येक गोष्ट सांगून यायचा, उत्तर घेऊन यायचा. दोघांच्या मध्ये सहा अनोळखी माणसं होती आणि त्यांच्या आडून दोघं एकमेकांशी बोलत होते.

"तुमची किती एचपीची?" एकदा तिनं विचारून टाकलं, बिल लिहिता लिहिता, वर न बघता.

"माझी अजून बसवलीच न्हाय," तो म्हणाला. बिलावरची रक्कम तिनं दोनदा चुकवली.

फक्त एक माणूस सरळ येत नव्हता. पाच एचपी.

"जिभेखालची गोळी बाळगतो," अमरनाथनं सांगितलं. "चुन्याच्या डबीत ठेवतो, कुणाला कळू ने म्हणून. सोलापूरला काळजावर उपचार चालू हाय, गावाला सांगितलंय पित्त झालंय."

"त्याला नाही. कधीच नाही." शिवलीलानं पेन खाली ठेवलं. "नीट ऐका. जिभेखालची गोळीही रक्तवाहिन्या सैलच करते, पण सगळ्या अंगातल्या. तिचा निरोप पुसणाऱ्याचा हात या गोळीनं धरलेला असेल, तर... तुमच्या शेतात सगळे वॉल एकदम उघडले तर काय होतं?"

"दाब मरतो. शेवटच्या सरीला पाणीच जात न्हाय."

"ती शेवटची सरी म्हणजे काळीज अन् मेंदू. माणूस बसल्या जागी जातो."

पुढच्या बाजाराला अमरनाथ तोंड पाडून आला. पाच एचपी म्हणाला होता, तुझ्या मेडिकलवालीला म्हणावं, तुझ्यावाचून अडलं न्हाय. वाशी तालुक्यात सोयऱ्यांकडं गेला असताना त्यानं रस्त्याकडेच्या तंबूतून पुड्या आणल्या होत्या. जडीबुटी. रोज सकाळी दुधातून.

"जडीबुटी!" शिवलीलाचा आवाज असा चढला, की दिवाळीपासूनचा खोकलावाला दचकून खरंच खोकला. "अशा पुड्यांत कितीदा हीच गोळी कुटून घातलेली सापडते. किती, ते कुटणाऱ्यालाही ठाऊक नसतं. त्याला सांगा, पुडी बंद. पायाखाली तुडव म्हणावं."

"सांगितलं. हसला."

"नाव सांगा मला त्याचं. मी जाते."

अमरनाथनं मान हलवली. "शब्द दिलाय. आन तुमीच म्हणालावता, नावं नकोत." त्याच्या आवाजात भांडण नव्हतं.

*

मागणी आली ती अशी. अमरनाथचे चुलते गौरीशंकर एक दिवस पांढरा सदरा घालून वीरप्पांच्या ओसरीवर येऊन बसले आणि म्हणाले, आमच्या पोराला तुमची लेक पसंत हाय. पोरगं स्वतः? ते बाहेर मोटारसायकलपाशी उभं होतं, आत यायला घाबरत. भर बाजारात सिल्डेनाफिल मागणारा माणूस! शिवलीलानं खिडकीतून बघितलं आणि तिला हसू फुटलं, आणि पाठोपाठ तिडीकही आली. मला एक शब्द न बोलता चुलत्याला पाठवतो म्हणजे काय?

पण तिनं "नाही" म्हटलं नाही. वीरप्पांनी रीतीप्रमाणे बैठक ठरवली. शिवलीलाची आई नव्हती, त्यामुळं आईच्या जागी मामाचा शब्द. मामा महांतप्पा सास्तूरचेच, मोठे बागाईतदार, देवळाच्या पंचात. ते आणि गौरामामी सकाळीच आले.

काकांबरोबर अमरनाथ आत आला, मामांना बघितलं आणि उंबऱ्यातच थबकला. मामा त्याच्याकडं न बघता उपरणं झटकत होते. दोघांत काय आहे ते शिवलीलाला कळेना.

चहा झाला. मग मामांनी घसा खाकरला. "वीरप्पा, मी स्पष्ट बोलतो. पोरगं एकतीस वर्षांचं हाय. लगीन का झालं न्हाय इतके दिवस? सास्तुरात इचारा कुणालाबी. हा मुरुमवरनं गोळ्या आणतो. कसल्या, ते पोरीपुढं बोलवत न्हाय मला."

गौरीशंकर काकांचा चेहरा उतरला. वीरप्पांनी मान खाली घातली. आणि अमरनाथ? तो जमिनीकडं बघत बसला.

शिवलीला आतल्या दारात उभी होती. तिच्या अंगाची लाही लाही झाली. त्या गोळ्या याच्या नाहीत, एक गोळी यानं कधी स्वतःसाठी नेली नाही, हे या घरात फक्त तिला ठाऊक होतं. आणि गिऱ्हाइकाचं गुपित दुकानाबाहेर काढायचं नाही, हे तिनंच स्वतःला घालून घेतलेलं बंधन. "मामा," ती तरीही म्हणाली, "घेत असला तरी काय झालं? बीपीची गोळी घेणाऱ्याला पोरगी देत नाहीत का?"

"तू गप बस." मामा उसळले. "आमच्या घराण्यात असलं..." आणि तिथंच थांबले. हात छातीवर गेला. कपाळावर घाम डवरला.

"अगं बाई," गौरामामी उठल्या. "अहो, ती जिभेखालची... डबी कुठंय?"

मामांनी खिशातून चुन्याची डबी काढली.

मामांनी तंबाखू सोडून तीन वर्षं झाली होती. शिवलीलानं डबीकडं बघितलं, मग अमरनाथकडं बघितलं, आणि सगळं एका क्षणात उलगडलं. सास्तूर. पित्त. पाच एचपी. रोज सकाळी दुधातून. ती ओरडणार, तेवढ्यात अमरनाथनं झेप घेऊन मामांचं मनगट धरलं होतं.

"ती घिऊ नका," तो म्हणाला. खोलीत सगळे होते. मामांच्या डोळ्यांत विनवणी होती. मरणाची भीती होती आणि त्याहून मोठी दुसरी भीती होती, की हा आता बोलणार. अमरनाथनं ते बघितलं. एक श्वास घेतला. "माझी चूक झाली. सकाळी स्टँडवर मामा भेटले, डोकं दुखतंय म्हणाले. म्या खिशातली गोळी दिली... ती माझी होती, सिल्डेनाफिल. हिच्यावर डबीतली घेतली तर जीव जाईल."

वीरप्पांनी डबी हिसकावून घेतली. त्यानंतर कुणी काही बोलायच्या आत शिवलीलानं मामांना भिंतीला टेकवून बसवलं, बीपी बघितलं, गाडी बोलावली. उमरग्याच्या दवाखान्यात शिरल्या शिरल्या तिनं डॉक्टरांना पहिलं वाक्य तेच सांगितलं: अंगात ते औषध आहे, किती ते ठाऊक नाही. बाजूला घेऊन तिनं पुडीचंही सांगितलं. डॉक्टरला सांगणं म्हणजे गुपित फोडणं नव्हे. त्यांनी मग त्याप्रमाणे उपचार केले. काळजाला मोठी इजा झाली नव्हती. वेळेवर हात धरला गेला होता.

आणि बाहेर बाकावर वीरप्पा गौरीशंकर काकांना म्हणत होते, "तुमचा पोरगा स्वतः घेतो ते घेतो, वर म्हाताऱ्या माणसाला पाजतो. जमायचं नाही आपलं."

काकांच्या मागं गाडीवर बसून अमरनाथ निघून गेला. उघड्या दाराआत खाटेवर मामा शुद्धीवर होते. त्यांनी ऐकलं होतं. ते काही बोलले नाहीत.

*

चार दिवस शिवलीला धुमसत होती. पाचव्या दिवशी ती सरळ सास्तूरला गेली.

त्र्याण्णवच्या भूकंपानंतर वसलेल्या सरळ आखीव गल्लीच्या टोकाला त्याचं दुकान. पाऊस भुरभुरत होता, लाइट गेलेली, आणि तो दारातल्या उजेडात बसून एका मोटारीची काळी पडलेली तार उपसत होता. तिला बघून उभा राहिला.

"खोटं का बोललात?"

"दुसरं काय सुचलं न्हाय तवा."

"आता सुचतंय ना? सांगा मग खरं."

"शब्द दिलाय." त्यानं हात पुसले. "आन तुमी का न्हाय सांगितलं? तुमाला तर कळलं होतं. म्या बघितलं तुमचं तोंड."

"मी दुकानदार आहे. मला सांगता येत नाही."

"मग?"

मग काय! तिला इतका संताप आला, की डोळ्यांत पाणीच आलं. ज्याच्यासाठी यानं अब्रू पणाला लावली तो माणूस गादीवर लोळून मोसंबीचा रस पितोय, आणि गाव हसतंय याला. ज्यानं लपवलं त्याला मान, ज्यानं जीव वाचवला त्याला नकार. "मला तुमचा राग येतो," ती म्हणाली. "सगळ्यात जास्त तुमचा."

"येऊ द्या की." तो हळूच म्हणाला. "निदान येतो तरी..."

पत्र्यावर पाऊस वाजत होता. तिला वाटलं, तो आता काहीतरी बोलेल. तो तारेचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिला.

तिथून ती मामांच्या घरी गेली. मामी चूल पुसत होत्या. मामा आतल्या खोलीत.

"मी कुणाला काही सांगणार नाही, मामा," शिवलीला खाटेपाशी उभ्यानंच म्हणाली. "दुकान आहे माझं, तोंड बंद ठेवायची मला सवय आहे. पण पुडी अजून घरात असेल तर फेकून द्या. पुढच्या वेळी हात धरायला तो नसेल. तुम्हीच हाकललाय त्याला."

मामांनी भिंतीकडं तोंड केलं. मागं फिरली तर दारात गौरामामी उभ्या होत्या, हातात ओलं फडकं तसंच.

"कसली पुडी?" मामी म्हणाल्या.

मामींनी नवऱ्याकडं बघितलं, बराच वेळ. मग फडताळाकडं गेल्या.

*

पुढचा बाजार. दुपारचे बारा, दुकानात गर्दी. वीरप्पा आज गल्ल्यावर होते. गौरामामी गर्दीतून वाट काढत पुढं आल्या आणि पिशवीतून अकरा पुड्या काढून त्यांनी एकेक करून काउंटरवर मांडल्या. मामा मागं उभे, नजर चपलांवर.

"भावजी, पोराची काय चूक न्हाय," मामी म्हणाल्या. आवाज बारीक करायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. "ह्या आमच्या घरातनं निघाल्या. पोरानं ह्यांची अब्रू झाकली आन हे झाकून घेऊन बसले. पोरगं जावई म्हणून घरात आलं तर आपलं गुपित जन्मभर समोर बसंल, म्हणून मोडायला निघालेवते." त्या वळल्या, नवऱ्याकडं. "बत्तीस वर्षं झाली लग्नाला. पुडी घ्यायच्या आदी मला इचारलं का तुमी? म्या कधी काय मागितलंवतं? उलट तुमी गप गप राहायला लागलात तवा मला वाटलं, माझंच काय चुकलं."

महांतप्पांची मान आणखी खाली गेली आणि मग, होकारासारखी, एकदा हलली. वीरप्पांनी पुढं येऊन पुड्या गोळा केल्या. त्यांच्या हाताला सवयीनं वर्तमानपत्राचा तुकडा लागला. त्यांनी तो परत ठेवून दिला.

"कागद नको, अप्पा," शिवलीला म्हणाली.

तेवढ्यात दारात अमरनाथ उभा. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याच्या हातात तीन चिठ्ठ्या होत्या. बदनाम झाला होता तरी लोकांची कामं सोडली नव्हती बाबानं! मामांना बघून तो मागं सरकला, तर मामींनीच त्याला दंडाला धरून काउंटरपुढं आणून उभं केलं.

शिवलीलानं चिठ्ठ्या घेतल्या, वाचल्या, तांब्याच्या तारेत अडकवल्या. एक चिठ्ठी दोनदा निसटली आणि तिला त्याचाही राग आला.

"चौथी कुठंय?"

"कुणाची?"

"तुमची."

त्याला कळेना. ती पुढं झुकली. "सहा जणांचे निरोप आणलेत इतके दिवस. ते लाजतात म्हणून मी त्यांना काय काय बोलले, तुम्हीही हसलात. आणि स्वतःच्या वेळी काय केलंत? काकांच्या हाती निरोप पाठवला आणि बाहेर गाडीपाशी उभे राहिलात. सातवे तुम्हीच की."

अमरनाथचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. त्यानं वीरप्पांकडं बघितलं. ते गल्ल्यात काहीतरी शोधत होते. त्यानं मामींकडं बघितलं. त्या तिथंच बाकावर बसल्या होत्या, ऐकायला. मग त्यानं काउंटरवर दोन्ही तळहात टेकले, पहिल्या दिवसासारखे.

"तुमीच म्हणालावता... मनात कुणी नसंल तर गोळी काय करत न्हाय." तो अडखळला. "मला गोळी नको हाय. मनात हाय कुणीतरी. पहिल्या बाजारापासनं. तुमी."

दिवाळीपासूनचा खोकलावाला श्वास रोखून उभा होता. शिवलीलाचे डोळे भरून आले, पण इतक्या दिवसांचा संताप असा फुकट कसा जाऊ द्यायचा?

"काय म्हणालात?" ती म्हणाली. "मागच्यांना ऐकू नाही आलं."

अमरनाथनं घसा साफ केला आणि पुन्हा सांगितलं. मोठ्यानं.